स्काडा (वीजेसारख्या यंत्रणा दुरून पाहायची-चालवायची संगणक प्रणाली) सुरक्षेत नवीन आहेस? आधी युक्रेन समजून घे

मालवेअरची नावं पाठ करणं नंतर. आधी २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये काय झालं ते बारकाईने वाच. तीन वीज वितरण कंपन्यांवर सायबर हल्ला, सुमारे सव्वादोन लाख ग्राहक काही तास अंधारात. सुरुवात झाली ईमेलमधून आलेल्या ऑफिस फाइलच्या मॅक्रोने (फाइलमध्ये दडलेल्या छोट्या प्रोग्रामने). मग कित्येक महिने हल्लेखोर आत बसून पासवर्ड गोळा करत होते. बाहेरून आत यायच्या व्हीपीएनला ओटीपीसारखी दुसरी कडी नव्हतीच. त्या दिवशी ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत माउसचा बाण आपोआप फिरला आणि ब्रेकर (वीजप्रवाह तोडणारे मोठे स्विच) एकेक करून ट्रिप होत, म्हणजे बंद पडत गेले. सबस्टेशनमधल्या कन्व्हर्टरचं (दुरून आलेले आदेश उपकरणांपर्यंत पोचवणाऱ्या डब्याचं) फर्मवेअरही, म्हणजे आतलं मूळ सॉफ्टवेअरही बिघडवलं, म्हणजे दुरून ब्रेकर लावायची सोय गेली. शेवटी माणसं जागेवर पाठवून हाताने ब्रेकर लावले. म्हणून सांगतो, फायरवॉलइतकाच वेळ जुन्या लाइन स्टाफबरोबर काढ.

मुंबईच्या १२ ऑक्टोबर २०२० च्या बत्ती गुलबद्दल मात्र छातीठोक बोलू नकोस. राज्याने सायबर घातपाताचा संशय घेतला, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं.

आणि हो, चालू रिलेवर (बिघाड ओळखून ब्रेकर ट्रिप करणाऱ्या उपकरणावर) हौसेने नेटवर्क स्कॅन मारायचा नाही. टेस्ट बेंच (चाचणीसाठीची वेगळी मांडणी) कशाला असतो?