कुत्र्याची लाळ, निरर्थक शब्द आणि तुझं समुपदेशक होणं

पत्र: मॅडम, मी कराडला एफ.वाय.बी.ए.ला आहे. बारावी सायन्सनंतर घरच्यांशी वाद घालून मानसशास्त्र घेतलं, कारण मला समुपदेशक व्हायचंय. मैत्रिणी मनातलं सगळं मलाच येऊन सांगतात. पण वर्गात चाललंय काय, तर पाव्हलॉव्हचा घंटा ऐकून लाळ गाळणारा कुत्रा, एबिंगहाउसचे निरर्थक शब्द, न्यूरॉन आणि संख्याशास्त्रातलं प्रमाण विचलन. यात माणूस कुठेच दिसत नाही. बाबा म्हणतात, अजून वेळ गेलेली नाही, विषय बदल. बदलू का?

उत्तर:

बदलू नकोस. निदान अध्ययन (म्हणजे शिकणं) आणि स्मृती ही दोन प्रकरणं नीट पुरी होईपर्यंत तरी नाही. ‘माणूस कुठे आहे’ हा तुझा प्रश्न मला मनापासून आवडला. त्याचं उत्तर याच दोन प्रकरणांत आहे, म्हणून आधी तिकडेच वळते.

समज, उद्या तुझ्यासमोर चौथीतल्या मुलाची आई बसली आहे. रोज सकाळी शाळेच्या वेळेला त्याच्या पोटात दुखतं. खरंच दुखतं, तो नाटक करत नाही. डॉक्टरांनी तपासलंय, दोष काही सापडलेला नाही. आई म्हणते, “बरं, राहू दे आज.” नऊ वाजेपर्यंत पोट थांबतं आणि मुलगा कॅरम मांडून बसतो. शेजारीण म्हणणार लाडावलाय, आजी म्हणणार दृष्ट लागली. तू काय म्हणशील?

इथे मानसशास्त्रज्ञ स्किनरचं साधक अभिसंधान कामाला येतं, म्हणजे वागण्याचा जो परिणाम मिळतो त्यावरून ते वागणं वाढतं किंवा कमी होतं. शाळेत त्याला कशाची तरी भीती आहे. घरी राहिलं की ती भीती टळते आणि ती टळली की हायसं वाटतं. त्या हायसं वाटण्यामुळेच घरी राहण्याची सवय पक्की होत जाते. याला ऋण प्रबलन म्हणतात. पहिल्या वर्षाची निम्मी मुलं पेपरात ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा असं लिहून येतात. तसं नाही. इथे ‘ऋण’चा अर्थ वाईट असा नसून वजा असा आहे. नकोशी गोष्ट वजा झाली की वर्तन वाढतं. शिक्षेने ते कमी होतं. आता आईकडे बघ. “राहू दे” म्हटल्याबरोबर रडणं थांबतं, म्हणजे तिचंही ऋण प्रबलन होतंय! दोघंही एकमेकांना नकळत शिकवत आहेत आणि दोष कुणाचाच नाही. हे तुला दिसलं, तर तू त्या माऊलीला बोल लावणार नाहीस. भीती नेमकी कशाची आहे ते शोधशील आणि मुलाला थोडं थोडं करून वर्गात परत कसं न्यायचं ते तिच्यासोबत बसून ठरवशील. पाठ्यपुस्तकातल्या त्या एका संकल्पनेतून हे एवढं निघतं.

आता निरर्थक शब्द. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउसने स्वतःवरच प्रयोग केले आणि 1885 साली ते छापले. अर्थ असलेले शब्द जुन्या आठवणींना चिकटतात, मग निव्वळ स्मृती मोजायची कशी? म्हणून त्याने अर्थच काढून टाकला. तू हे घरी कर. टोझ, भुव, गेथ, ढिप, नुझ, छोम असे बारा अक्षरगट कागदावर लिही. एका लयीत मोठ्याने वाचत राहा आणि न चुकता ओळीने म्हणता येईपर्यंत किती वाचनं लागली ते मोज. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आधी न बघता आठवून पाहा. फार थोडे आठवतील आणि तू खट्टू होशील. मग तीच यादी पुन्हा पाठ कर. पहिल्या दिवशी 20 वाचनं लागली आणि आता 13, तर 7 वाचली. म्हणजे 35 टक्के बचत. जे पार विसरलं असं वाटत होतं, ते आत कुठेतरी शिल्लक होतं. एबिंगहाउसची बचत एका दिवसानंतर साधारण एक तृतीयांशावर आली होती, पण महिन्याने बघितलं तरी ती एक पंचमांशाच्या आसपास टिकून होती. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, मग मंदावतं. नापास होऊन ‘माझ्या डोक्यात काहीच राहत नाही’ म्हणणारा मुलगा तुझ्याकडे येईल, तेव्हा स्वतः मोजलेला हा आकडा तुझ्या धीराच्या चार शब्दांना वजन देईल.

स्मृतीचंच आणखी एक. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. काहींना ‘गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती होता’ असं विचारलं, तर काहींना नुसतं ‘धडकल्या तेव्हा’ असं. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच पाहिली का? फिल्ममध्ये काच नव्हतीच. तरी ‘आदळल्या’वाल्या 50 पैकी 16 जण हो म्हणाले, ‘धडकल्या’वाल्या 50 पैकी 7. प्रश्नातल्या एका क्रियापदाने आठवण बदलली.

म्हणून मैत्रिणींबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहिते. त्या तुझ्यापाशी मन मोकळं करतात, ही तुझी खरी पुंजी आहे, ती जप. पण “तो तुला त्रासच देत असणार ना?” असं काळजीपोटी विचारणारी मैत्रीण आणि “मग काय झालं?” एवढंच विचारून थांबणारी समुपदेशक यांच्यात मोठं अंतर आहे. ते अंतर तुला हाच अभ्यास पार करून देईल.

संख्याशास्त्राला घाबरू नकोस, बारावी सायन्सवालीला ते जड नाही. मोबाइल जास्त वापरणारी मुलं जास्त उदास आढळली, तर मोबाइलमुळे उदास झाली की उदास होती म्हणून मोबाइलकडे वळली, हा प्रश्न विचारता येण्यासाठी ते शिकायचं.

बाबांची काळजी पोटापाण्याची आहे आणि ती रास्त आहे. त्यांना खरं ते सांग. नुसत्या बी.ए.वर समुपदेशकाचं काम सहसा मिळत नाही, बहुतेक ठिकाणी एम.ए. लागतं. चिकित्सा मानसशास्त्राकडे जायचं असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्यता दिलेला अभ्यासक्रम आणि परिषदेची नोंदणी हवी. हे नियम अलीकडे बदलत आहेत, म्हणून फी भरण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचं नाव स्वतः तपास, कुणाच्या जाहिरातीवर जाऊ नकोस. औषधं देणारा मनोविकारतज्ज्ञ वेगळा, तो एम.बी.बी.एस.नंतर एम.डी. करतो. शाळेतलं समुपदेशन, विशेष मुलांचं शिक्षण, कंपन्यांमधलं मनुष्यबळ विभागाचं काम हे रस्तेही आहेत. पण स्थिर कमाईला पाच-सात वर्षं लागतील, असं धरूनच चला.

मेजर (मुख्य) विषय कधीपर्यंत बदलता येतो, ते कॉलेजच्या ऑफिसात उद्याच विचारून ठेव. तारीख हातात असली की घाई होणार नाही. तोवर ती बारा अक्षरगटांची यादी कर, जमलं तर बाबांनाही प्रयोगाला बसव, आणि दोघांचे आकडे मला कळव.