बॅटरी रोज सकाळी बसते?

लगेच नवी बॅटरी घ्यायला धावू नकोस, आधी साधा मल्टिमीटर (व्होल्ट आणि करंट मोजायचं यंत्र) आण. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी स्टार्टर मारायच्या आधी मोज. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. मग गाडी चालू करून मोज, १३.८ ते १४.५ दिसलं तर चार्जिंग ठीक आहे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर तीही साफ कर.

एवढं करूनही बसतेय? मग बंद गाडीत कोणीतरी करंट खातंय. निगेटिव्हची वायर काढ आणि टर्मिनल व वायरच्या मध्ये मीटर लाव, १० अँपिअरच्या रेंजवर. तेव्हा स्टार्टर चुकूनही मारू नकोस, मीटरचा फ्यूज जाईल. गाडी लॉक करून अर्धा तास चहा पिऊन ये, आतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. नंतरही ५० मिलिअँपिअरच्या बराच वर आकडा असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा धपकन खाली येईल, चोर त्याच लाइनवर.

माझा चोर डिकीचा दिवा निघाला. मोबाइलवर व्हिडिओ रेकॉर्डिंग लावून आत ठेवला, डिकी बंद केली, तरी हा पठ्ठ्या आपला लखलखीत!