पोलंडमधल्या क्राकूफमध्ये एकच दिवस असेल, तर सेंट मेरीज चर्च आतून पाहावे का?

होय, अवश्य पाहावे. मात्र तिथे कोणत्या वेळी पोहोचता यावर बरेच काही अवलंबून आहे. सकाळी वावेलचा किल्ला, दुपारी बारा वाजता मुख्य चौकात उभे राहून याच चर्चच्या मनोऱ्यावरचे ट्रम्पेट ऐकणे आणि उरलेल्या वेळात जमल्यास चर्चमध्ये डोकावणे, असा बेत तुम्ही प्रश्नात दिला आहे. मी कामानिमित्त दोन वर्षे या शहरात राहिलो आणि भारतातून कोणी आले की त्यांना चौकात नेण्याचे काम आपसूकच माझ्याकडे येत असे. त्या अनुभवावरून सांगतो की बाराच्या ठोक्याला चौकात नव्हे, तर चर्चच्या आत असावे.

याचे कारण तेथील मुख्य वेदी, म्हणजे पूजास्थानामागे उभी असलेली शिल्पांची भव्य चौकट, हे आहे. जर्मनीतल्या न्यूर्नबर्गहून आलेल्या फाइट श्टोस या शिल्पकाराने (पोलिश लोक त्याला वित स्त्वोश म्हणतात) १४७७ ते १४८९ या काळात ती घडवली. सुमारे तेरा मीटर उंच आणि अकरा मीटर रुंद अशी ही वेदी लाकडाची असून तिला कपाटासारखी दारे आहेत. दारे मिटलेली असताना येशू आणि त्याची आई मरिया यांच्या चरित्रातील बारा उठावशिल्पे दिसतात आणि दारे उघडली की आतला सोनेरी देखावा समोर येतो. रविवार सोडून इतर दिवशी ही दारे ११.५० वाजता उघडली जातात. पहिल्या वेळी मी सव्वाबाराला गेलो, उघडी वेदी पाहून खूश होऊन परतलो आणि तिला दुसरेही रूप आहे हे मला कित्येक आठवड्यांनी कळले. तुमच्याकडे दुसरी फेरी नाही, म्हणून हे आधीच सांगतो.

पर्यटकांना एरवी साडेअकरापासून आणि रविवारी दुपारी दोनपासून आत सोडतात. म्हणजे सकाळी वावेल उरकून सव्वाअकराच्या सुमारास चौकात यावे. समोरचा मोठा दरवाजा प्रार्थनेसाठी येणाऱ्यांचा आहे आणि तिथून वेदी फार दूर राहते. पर्यटकांचे प्रवेशद्वार दक्षिणेच्या बाजूला आहे आणि तिकीटघर त्याच बाजूला समोरच्या इमारतीत आहे. अनेक जण आधी दारापाशी जातात आणि तिकिटासाठी परत पाठवले जातात. आत गेल्यावर छताकडे पाहत रेंगाळू नये, तडक पुढे जाऊन बसावे, कारण दारे उघडण्याच्या वेळी पुढच्या जागा भरलेल्या असतात.

दारे उघडल्यावर मधल्या देखाव्याकडे नीट लक्ष द्यावे. मरियेच्या देहावसानाचा तो प्रसंग आहे. ती अंथरुणावर निजलेली नाही. गुडघ्यांतले बळ गेल्यासारखी खाली कलली आहे आणि एका प्रेषिताने, म्हणजे येशूच्या शिष्याने, तिला सावरून धरले आहे. सर्वांत मोठ्या मूर्ती २.७ मीटरपर्यंत उंच, म्हणजे माणसापेक्षा बऱ्याच मोठ्या आहेत. तरीही श्टोसने म्हाताऱ्या प्रेषितांच्या हातांवरच्या फुगलेल्या शिरा, गालांची हाडे आणि कपाळावरच्या आठ्या अशा कोरल्या आहेत की समोर लिंडनचे लाकूड आहे याचा विसर पडतो. मी शेवटी शेवटी केवळ हात पाहण्यासाठी जात असे. छोटी दुर्बीण असल्यास ती जरूर बरोबर ठेवावी.

हे चर्च राजाचे नव्हते. राजांचे राज्याभिषेक आणि दफनविधी वावेलवरच्या कॅथेड्रलमध्ये होत. हे व्यापारी आणि कारागीर यांचे, म्हणजे शहराचे चर्च होते आणि वेदीचा खर्चही नागरिकांनीच उचलला. पुढे श्टोस न्यूर्नबर्गला परतला आणि बुडालेले पैसे वसूल करण्यासाठी त्याने खोटा दस्तऐवज केला. १५०३ मध्ये त्याबद्दल त्याच्या दोन्ही गालांवर डागण्या देण्यात आल्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी हीच वेदी सुटी करून नेली आणि ती जाऊन पोहोचली तीही न्यूर्नबर्गच्याच किल्ल्यात. १९४६ मध्ये ती पोलंडला परत मिळाली, पण चर्चमधल्या तिच्या जागी ती १९५७ मध्येच उभी राहिली.

एक गैरसमज मात्र टाळावा. विटांची ही इमारत मुख्यतः चौदाव्या शतकातील असली, तरी भिंतींवरचे झळझळीत रंगकाम मध्ययुगीन नाही. ते यान मातेय्को या चित्रकाराच्या आराखड्यानुसार १८८९ ते १८९१ मध्ये झाले. मला स्वतःला ते थोडे गजबजलेले वाटते. वेदीमागच्या उंच खिडक्यांमधील रंगीत काचा मात्र चौदाव्या शतकातील आहेत.

आता ट्रम्पेटविषयी. 'हेयनाऊ' नावाची ही धून केवळ बारा वाजता नव्हे, तर रात्रंदिवस दर तासाला वाजते, म्हणून दुपारी एक वाजता ती ऐकल्याने काहीही बिघडत नाही. बाराची धून १९२७ पासून पोलिश रेडिओवर ऐकवली जाते, म्हणून त्या वेळी गर्दी होते, इतकेच. धून मध्येच तुटते, कारण १२४१ च्या तातार हल्ल्यात इशारा देणाऱ्या पहारेकऱ्याच्या गळ्यात बाण घुसला, असे सांगतात. ही दंतकथा आहे, पण तुटलेला सूर ऐकताना ती आठवतेच. वाजवणारे अग्निशमन दलाचे जवान असतात आणि ८२ मीटर उंच मनोऱ्याच्या चार खिडक्यांतून चार दिशांना ते ती चारदा वाजवतात. पहिली फेरी वावेलच्या दिशेने असते, दुसरी चौकाच्या दिशेने. एकला पाच मिनिटे असताना चौकातल्या जुन्या कापड बाजाराच्या कमानींपाशी उभे राहावे. दुसरी फेरी संपल्यावर खिडकीतून एक हात बाहेर येऊन हलतो आणि खालचे लोकही हात हलवतात.