नव्या पर्यवेक्षकास: आधी माणसे समजून घ्या

गोव्यातील वेर्ण्याच्या कारखान्यात पर्यवेक्षक म्हणून तुमची नेमणूक झाली, याचा आनंद वाटला. प्रेरणेचे सिद्धांत तूर्त बाजूला ठेवा. पहिल्या महिन्यात ऐकणे हेच मुख्य काम समजा. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ साली उजेडाचा उत्पादनावर होणारा परिणाम तपासायला सुरुवात झाली आणि संशोधकांचे लक्ष अखेर कामगारांच्या आपसातील संबंधांकडे वळले.

नवखा अधिकारी हमखास चुकतो तो माणसाच्या स्वभावावर शिक्का मारण्यात. एखादा कामगार आठवड्यात तीनदा उशिरा आला, तर त्याला ‘आळशी’ ठरवण्याआधी बाजूला घेऊन विचारा; सावर्ड्याहून येणारी बस चुकते, की पाळी बदलल्यामुळे मुलाला शाळेत सोडायला घरी कोणी उरले नाही, हे कळले की उपाय बहुधा वेळापत्रकातच सापडतो. चूक एकांतात दाखवा, शाबासकी चारचौघांत द्या. सर्वांना खूश ठेवण्याच्या नादात माणसागणिक नियम बदलू नका. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आणि नाताळच्या रजा तर महिनाभर आधी, लेखी आणि सर्वांसमोर ठरवा, कारण चवथीला बहुतेकांना मूळ घरी जायचेच असते आणि तिथे झालेला पक्षपात, माझ्या मते, पगारातल्या फरकापेक्षाही अधिक काळ सलतो. या आठवड्यात प्रत्येकाशी दहा मिनिटे तरी स्वतंत्रपणे बोलून घ्या.