खरं दादर म्हणजे शिवाजी पार्कच का? दादर पूर्वेला भाड्याने घर घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की ठाण्याहून शिफ्ट व्हायचंय, हिंदू कॉलनीत वन बीएचके मिळतोय, पण ऑफिसातले सगळे म्हणतात खरं दादर शिवाजी पार्कला, पूर्वेला नुसतं स्टेशन आणि ट्रॅफिक. घर घ्या. पण ते "खरं दादर" वाचून गप्प बसवेना, म्हणून हे उत्तर.

१८९६ ला मांडवीत प्लेग आला, माणसं पटापट मेली, लोक शहर सोडून पळाले, तेव्हा कुठे सरकारला अंधाऱ्या कोंदट चाळी दिसल्या आणि १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्या ट्रस्टने दादर-माटुंग्याच्या जमिनी घेतल्या, रस्ते आखले आणि मग प्लॉट पाडले. हिंदू कॉलनीतल्या गल्ल्या सरळ आहेत, दोन बिल्डिंगींच्या मधून वारा येतो, तो काही नशिबाने नाही येत. पलीकडे मंचेरजी जोशींनी ट्रस्टच्या मागे लागून मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ प्लॉट राखून घेतले, त्यातून पारशी कॉलनी उभी राहिली. असा विचार करून वसवलेली वस्ती मुंबईत किती ठिकाणी आहे सांगा.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा बायकोचे मामा दादर पूर्वेच्या आमच्या घरी बैठकीला आले होते. जन्म शिवाजी पार्कातला. चहा पिता पिता म्हणाले, "तुम्ही तसे माटुंगेकरच की हो, दादर आमच्याकडे." आई आत पोहे करत होती, तिचा हात थांबला. वडील मुलाकडचे असूनही फार नमून वागत होते तोपर्यंत, पण हे ऐकल्यावर कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मामासाहेब, तुमचं शिवाजी पार्क १९२७ पर्यंत माहीम पार्क होतं. मग माहीमकर कोण?" मामा म्हणाले अहो पण मैदान, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, क्रिकेट, हे कुठे झालं? वडील म्हणाले ते सगळं मान्य, पण फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' उभा केला तो दादर मेन रोडला, आमच्या बाजूला, म्हणून तर त्या रस्त्याला आज त्यांचं नाव आहे. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी राजगृह बांधलं ते हिंदू कॉलनीत, चैत्यभूमी तुमच्याकडे आहे पण १९५६ ला अंत्ययात्रा निघाली ती राजगृहावरून. आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून सुटली ती दादर टीटीला, म्हणजे ट्राम टर्मिनसला, येऊन थांबली, वडील स्वतः त्या गर्दीत उभे होते, ते सांगताना त्यांचा आवाज चढला. लग्न झालं, सगळं व्यवस्थित झालं, पण मामा दर गणपतीला तेच वाक्य बोलतात. वडील आता नाहीत, म्हणून ते उत्तर मी देतो, आणि देत राहणार.

माझं स्पष्ट मत, जे लोक पूर्वेला कमी लेखतात ते स्टेशनच्या बाहेर दहा मिनिटंही चाललेले नाहीत. संध्याकाळी फाइव्ह गार्डन्सला एक चक्कर मारा आणि मग ऑफिसातल्यांशी बोला.

आता घराचं. आधी विचारा ओनरशिप आहे की पागडी, म्हणजे मोठी रक्कम देऊन घेतलेली जुनी भाडेकरूची जागा, जिचा मालक दुसराच असतो. पागडीची खोली असेल तर मालकाच्या लेखी परवानगीशिवाय भाडेकरू तुम्हाला परस्पर देऊ शकत नाही, उद्या भांडण झालं तर सामानासकट बाहेर. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय का तेही सोसायटीत विचारा, एजंट सांगणार नाही. भाड्याचं मला विचारू नका, आमचं घर आजोबांच्या वेळचं आहे.

हिंदमाताला पावसात पाणी भरतं हे खरंय, त्या बाजूचा तळमजला घेऊ नका. समुद्र पश्चिमेला आहे, फुलबाजार आणि प्लाझा थिएटर पण तिकडेच, ते मी नाकारत नाही, टिळक ब्रिज ओलांडला की पोचता.

एजंटने अ‍ॅग्रीमेंटवर "माटुंगा" टाकलं तर खोडायला लावा. दादर पूर्व, ४०००१४, असंच लिहून घ्या.