भोंगा उंचावर, पेटी खाली

प्रश्न : आम्ही अमेरिकेत डॅलस शहरात राहतो. घराजवळ टोर्नेडोची सूचना देणारा भोंगा उंच खांबावर बसवलेला आहे, पण त्याची विजेची पेटी बरीच खाली आहे. कुणी हात लावू नये म्हणून भोंगा उंच ठेवला असेल, तर पेटी खाली कशासाठी? अशी छेडछाड खरोखर होते का?
– एक वाचक, डॅलस

उत्तर : भोंगा उंच बसवण्याचे मुख्य कारण आवाज हे आहे. असे खांब साधारणपणे 40 ते 50 फूट उंच असतात, कारण आवाज घरांच्या छपरांवरून आणि झाडांच्या शेंड्यांवरून पुढे जावा लागतो. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले की आवाज 6 डेसिबलने कमी होतो. परंतु इमारती, झाडे आणि जमीन यांचा अडथळा धरून आखणी करताना ही घट 10 डेसिबल मानतात. या हिशेबाने 100 फुटांवर 120 डेसिबल देणारा भोंगा सुमारे 3,200 फुटांवर 70 डेसिबलपर्यंत उतरतो. दुसरे कारण खांबाखालून जाणाऱ्या माणसाच्या कानांचे आहे : इतका तीव्र आवाज डोक्याजवळ सुटला, तर श्रवणशक्तीला इजा होऊ शकते.

पेटीत मात्र वीज गेल्यावर उपयोगी पडणाऱ्या जड बॅटऱ्या, चार्जर आणि रेडिओ असतात, आणि त्यांची देखभाल वारंवार करावी लागते. म्हणून ती माणसाच्या आवाक्यात ठेवतात. तिचे संरक्षण मजबूत कुलूप, केबलभोवतीची धातूची नळी आणि दार उघडताच नियंत्रण कक्षाला कळवणारा स्विच यांनी करायचे असते. माझ्या मते हा स्विच प्रत्येक पेटीत असलाच पाहिजे. त्यावर काटकसर करणे योग्य नाही.

छेडछाड खरोखर होते, आणि तिचे सर्वांत गाजलेले उदाहरण तुमच्याच शहरातले आहे. 7 एप्रिल 2017 च्या रात्री साडेअकरानंतर डॅलसचे सर्व 156 भोंगे एकाच वेळी वाजू लागले आणि मध्यरात्र उलटून गेली तरी पुन्हा पुन्हा वाजत राहिले. घाबरलेल्या नागरिकांचे 911 या आपत्कालीन क्रमांकावर चार हजारांहून अधिक फोन गेले, त्यामुळे खऱ्या संकटातल्या माणसांनाही ताटकळावे लागले. हे कृत्य करणाऱ्याला एकाही खांबावर चढावे लागले नव्हते. भोंगे सुरू करणारा रेडिओ संकेतच बाहेरून पाठवला गेला होता, असे शहराच्या अधिकाऱ्यांनी सांगितले. त्यानंतर संकेत कूटबद्ध करण्यात आले. मार्च 2019 मध्ये जवळच्या डीसोटो आणि लँकेस्टर येथेही मध्यरात्री भोंगे खोटेच वाजवले गेले, तेही वादळी हवामान येऊ घातले असताना. खांब आणखी दहा फुटांनी वाढवून असे प्रकार थांबणार नाहीत. रेडिओ संकेताची सत्यता भोंग्यानेच तपासली पाहिजे.

पेटीचे दार उघडे किंवा केबल तुटलेली दिसल्यास स्वतः हात न लावता शहराच्या 311 क्रमांकावर कळवावे. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी 12 वाजता भोंग्यांची चाचणी होते. हवामान चांगले असूनही तुमच्या जवळचा भोंगा त्या वेळी वाजला नाही, तर तेही त्याच क्रमांकावर सांगावे.