द्राक्षबागांमधून खडीवरची सायकल: बेळगावहून कोठे आणि केव्हा जावे

नमस्कार. परदेशात, म्हणजे इटलीत आणि ऑस्ट्रेलियात, द्राक्षमळ्यांमधून, मोटारींचा त्रास न होता, खडीच्या वाटांवर सायकल चालवतात असे तुमच्या वाचनात आले आणि बेळगावच्या आसपास तसे काही जमेल काय, असे तुम्ही विचारले आहे. तुमच्याकडे साधी हायब्रीड सायकल आहे आणि दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर सहज होतात, असेही तुम्ही लिहिले आहे. जमते. मी गेली काही वर्षे दर हिवाळ्यात एकदा तरी त्या बाजूला जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुम्ही दिलेली दोन उदाहरणे एकाच जातीची नाहीत, हे आधी लक्षात घ्यावे. इटलीतील टस्कनी प्रांतात पांढऱ्या मातीच्या जुन्या रस्त्यांवर डांबर पडू नये, या हेतूने १९९७ साली गायोले गावातून ‘एरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली आणि आज तेथे २०९ किलोमीटरचा कायमचा मार्ग फलक लावून आखलेला आहे. परंतु ते रस्ते गावाला जाण्यायेण्याचेच असल्यामुळे त्यांवरून मोटारी जातात आणि उन्हाळ्यात सायकलस्वाराला त्यांची धूळ खावी लागते. दक्षिण ऑस्ट्रेलियातील क्लेअर खोऱ्याची वाट वेगळी आहे. तेथील रेल्वेमार्गाचे १९८३ च्या वणव्यात नुकसान झाले, पुढे तो बंद पडला, आणि त्याच भरावावर सुमारे ३५ किलोमीटरची खडीची वाट तयार झाली. मोटारी तेथे येऊच शकत नाहीत, आणि रेल्वेला चढ सोसत नसल्यामुळे सायकललाही तो फारसा लागत नाही. वाहनांसाठी बांधलेला रस्ता मोकळा मिळेल अशी आशा धरण्यापेक्षा, मुळात दुसऱ्याच कामासाठी केलेला भराव शोधावा, हे मी त्या उदाहरणावरून घेतले.

आपल्याकडे ते काम कालव्याने केले आहे.

बेळगाव शहराजवळ द्राक्षबागा शोधू नका. शहरात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि एवढ्या ओलीत द्राक्षावर डाऊनीचा रोग आवरत नाही. इकडे येळ्ळूर-देसूरच्या शिवारात भातच शोभतो. द्राक्ष आहे ते जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, अथणी तालुक्याच्या पूर्वेकडील माळावर, जेथे पाऊस बेळगावच्या निम्माही नाही. तेलसंग, ऐगळी, कोहळी या गावांच्या शिवारातून पुढे विजयपूर जिल्ह्यातील तिकोट्यापर्यंत आणि उत्तरेला सीमा ओलांडून जतपर्यंत हा एकच द्राक्षपट्टा आहे. राज्ये दोन असली तरी माती, वाण आणि छाटणीचे वेळापत्रक एकच. हिप्परगी बंधाऱ्याच्या फुगवट्यातून कृष्णेचे पाणी उचलून ऐनापूर आणि हल्याळ या उपसा योजनांचे कालवे अथणी तालुक्यात फिरवले आहेत, तर पलीकडे म्हैसाळ योजनेचे पाणी कवठेमहांकाळ आणि जतकडे गेले आहे. या कालव्यांच्या काठाने पाटबंधारे खात्याच्या देखरेखीसाठी मुरमाचा सेवारस्ता असतो. कालवा समोच्च रेषेला धरून वळत जातो आणि त्याचा उतार डोळ्याला कळणार नाही इतका कमी असतो, त्यामुळे तासन्‌तास चालवूनही गिअर बदलावासा वाटत नाही. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली शिवार, आणि अर्ध्या तासात एखादी मोटारसायकल.

अर्थात हा सार्वजनिक रस्ता नव्हे, हे विसरू नये. कोठे साखळी लावलेली असेल तर खालून सायकल घालण्याऐवजी तेथल्या माणसाला विचारावे. मला आजवर कोणी परत पाठवलेले नाही, फक्त ‘कशाला फिरता?’ असे आश्चर्याने विचारले आहे. अस्तरीकरण केलेल्या कालव्यात हातपाय धुण्यासाठीसुद्धा उतरू नये. काँक्रीटच्या शेवाळलेल्या उतारावरून पाय घसरला, तर चांगल्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही.

कालवा सोडून बागांमध्ये शिरायचे ते पाणंदीने, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेने. उपग्रहाच्या नकाशावर काळ्या प्लास्टिकची शेततळी आणि द्राक्षवेलींच्या मांडवांचे हिरवे आयत स्पष्ट दिसतात. दोन शेततळ्यांना जोडणारी फिकट रेघ बहुधा बैलगाडीची पाणंद असते. येथे एक धोका आहे, ज्याची सूचना मला कोणी दिली नव्हती. मांडव ताठ राहावा म्हणून बागेच्या कडेच्या खांबांना बाहेरून जमिनीत ताणाच्या तारा ओढलेल्या असतात आणि त्या कधीकधी अगदी वाटेच्या काठावर येतात. संध्याकाळच्या उजेडात अशी तार दिसत नाही. माझा खांदा एकदा तिच्यात सापडून चांगला सोलवटला आहे, आणि वर बागमालकाकडून ‘तार सैल झाली तर मांडव कोण उभा करणार?’ असे ऐकूनही घ्यावे लागले. त्यांचे म्हणणे रास्तच होते. तेव्हा पाणंदीतले चालवणे दुपारी चारच्या आत संपवावे आणि सायकल खांबाला टेकवू नये.

आता केव्हा जावे, कारण माझ्या मते मार्गापेक्षा हाच प्रश्न मोठा आहे. या भागात वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. फळछाटणीनंतर साधारण चार महिन्यांनी घड तयार होतात. याचा अर्थ नोव्हेंबरात गेलात तर मांडवाखाली नुसती पालवी आणि दिवसभर औषधफवारणी दिसेल. फवारणीचा ब्लोअर चालू असेल तर त्या बाजूची पाणंद सोडून द्यावी आणि कोणत्याही काळात वाटेवरचा घड तोडून तोंडात टाकू नये. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मांडव भरलेले असतात, हवा थंड असते आणि पाणंदी कोरड्या असतात. त्याच काळात ऊसतोडही जोरात असते, परंतु ऊस आहे तो कृष्णाकाठाला, कुडची-उगार-शेडबाळच्या पट्ट्यात. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर तेथल्या डांबरी रस्त्यांवर रांगेने उभे असतात, त्यामुळे तो पट्टा सकाळी लवकर पार करावा. अथणी ओलांडून माळावर आलात की ऊस विरळ होतो आणि त्याच्याबरोबर ट्रॅक्टरही. मार्चनंतर ऊन सोसवत नाही.

अवकाळी पाऊस झाला असेल तर बेत सरळ रद्द करावा. काळी माती ओली झाली की टायर आणि फोर्क यांच्या मध्ये अशी ठासून बसते की चाक फिरतच नाही. मी अशा वेळी तीन किलोमीटर सायकल खांद्यावर वाहिली आहे आणि बेळगावच्या तांबड्या मातीवरचा अनुभव तेथे काहीही उपयोगी पडला नाही.

सायकलविषयी एवढेच की, खडीसाठीची खास ग्रॅव्हल बाईक घेण्याची घाई करू नका. तुमच्या हायब्रीडच्या फ्रेममध्ये ४० मिलिमीटरचे टायर बसत असतील तर पुरे आहे. ट्यूब असताना हवा ४०-४५ पीएसआयच्या आसपास ठेवा, वजनाप्रमाणे थोडी कमीजास्त. खरा शत्रू खडी नसून सराटा आहे. कालव्याच्या काठाला हे काटे सुकून मुरमात मिसळलेले असतात आणि माझ्या पहिल्याच फेरीत त्यांनी एका दिवसात सात पंक्चर केले. शक्य असल्यास टायर ट्यूबलेस करून सीलंट भरावे, नाहीतर निदान तीन ट्यूब आणि पॅचची डबी जवळ ठेवावी. काटा टोचलेला दिसला तरी ट्यूबलेस टायरमधून तो लगेच उपटू नये.

जाण्यासाठी मी मिरजेकडे जाणारी रेल्वे पसंत करतो. सायकल सामान म्हणून नोंदवून ब्रेकव्हॅनमध्ये द्यावी लागते. वाटेतल्या लहान स्थानकांवर गाडी फार कमी वेळ थांबते, म्हणून सायकल मिरजेपर्यंत न्यावी आणि तेथून उलट यावे, हे मी धांदल करून शिकलो. पहिल्या दिवशी अथणीला मुक्काम करावा, दुसऱ्या दिवशी कालव्याने आणि पाणंदींनी तेलसंगकडे जाऊन परत यावे, एवढा बेत तुमच्या पल्ल्यात बसतो. अथणीपर्यंत मराठी चालते. पूर्वेकडे कन्नड लागते. ‘ई दारी एल्लिगे होगतैत्री?’ म्हणजे ही वाट कोठे जाते, एवढे वाक्य पाठ असले तरी माणसे पुढचे सगळे हातवाऱ्यांनी सांगतात. खानावळीत ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी मिळते. पाणी मात्र तीन लिटर बरोबर ठेवावे.

आणि वाईन. कर्नाटकाने २००७ साली द्राक्षप्रक्रिया आणि वाईनसाठी स्वतंत्र धोरण आणले हे खरे, परंतु तुम्हाला या वाटांवर दिसतील त्या बागा प्रामुख्याने थॉमसन आणि तिच्यापासून निवडलेल्या बिनबियांच्या वाणांच्या आहेत आणि त्यांचा मोठा भाग बेदाण्याला जातो. वाईन चाखत मुक्काम करायचा असेल तर नाशिकला जावे. येथे त्या जागी बेदाण्याची शेड आहे. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून जाळीच्या थरांवर सावलीत पसरतात, पंधरा-वीस दिवसांत ते वाळतात, आणि साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. फेब्रुवारीच्या अखेरीस वाऱ्याची दिशा अनुकूल असेल तर शेड दिसण्याच्या आधी कालव्यावरच तो गोड, किंचित आंबूस वास येतो. शेडवर थांबून विचारलेत तर मालक मूठभर माल हातावर ठेवतात आणि पैसे घेत नाहीत. म्हणून मी पॅनिअरमध्ये, म्हणजे सायकलच्या सामानाच्या पिशवीत, किलोभराची जागा रिकामी ठेवतो आणि तेवढा बेदाणा रीतसर विकत घेतो.